एका क्रियापदाचा कर

आयुष्यभर मी जे जे लिहिलं, त्याखाली सही दुसऱ्याची असायची. कुणाला गल्लीत विजेचा खांब हवा असायचा, कुणाचं नाव जमिनीच्या खसऱ्यात चुकलेलं असायचं, कुणाला शेजाऱ्याच्या म्हशीबद्दल थेट कलेक्टरांकडे दाद मागायची असायची. बुऱ्हाणपूरच्या कचेरीच्या फाटकाबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये माझं टेबल होतं. आधी त्यावर टाइपरायटर होता, पुढे संगणक आला. सिंधीपुऱ्यातल्या घरातून डबा घेऊन निघायचं, मशीनवरचं फडकं काढायचं आणि पहिल्या माणसाला म्हणायचं, "बसा. काय झालं ते मराठीतच सांगा, हिंदी मी करते."

माझा सगळा धंदा या एका वाक्यात आला. आमचं गाव मध्य प्रदेशात. सरकारशी बोलायचं तर हिंदीत. पण तापीकाठचा शेतकरी भांडतो मराठीत, रडतो मराठीत आणि त्याचं गाऱ्हाणंही मराठीतच असतं. आताची पोरं दोन्ही भाषा एका घोटात बोलतात, पण कागदावर उतरवायची वेळ आली की तीही माझ्याकडेच. 'अर्ज लिहिणारी बाई' म्हणून कुणी माझ्याकडे खालच्या नजरेनं पाहिलं की मला हसू यायचं. साहेबांच्या टेबलावर पोहोचणारं या लोकांचं तोंड मीच तर होते.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. दर मंगळवारी कचेरीत जनसुनवाई असते. कुणीही यावं, आवेदन द्यावं. शेतकऱ्यांच्या समित्या मोर्चानं येतात तेव्हा आवेदनाचं 'ज्ञापन' होतं. साहेब लोक आवेदनातल्या दोनच ओळी वाचतात, विषयाची आणि शेवटची. मधला मजकूर खालचा बाबू वाचतो, आणि तोही चूक सापडते का हे बघायला. म्हणून एका कागदावर एकच मागणी लिहावी. खरोखर बसणार असाल तरच 'अन्यथा धरने पर बैठेंगे' असं लिहावं. आणि दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय फाटकाबाहेर पडू नये. शिक्का नसेल तर तुम्ही आलाच नव्हतात.

हे लोकांना पटवणं सोपं नव्हतं. जैनाबादचे गोविंदकाका पूल ओलांडून जवळजवळ दर मंगळवारी यायचे. वय ऐंशीच्या घरात, धोतर परीटघडीचं. मागणी कालव्याच्या पाण्याची असो की स्मशानाच्या वाटेची, टाइप करून झालं की म्हणायचे, "शैलाबाई, जरा कडक करा नं. चाय बी कडक लागते, मंग आवेदन काहून फिकं?" मग मी एक 'तत्काल' घालायची. काका समाधानानं मान हलवायचे आणि विचारायचे, "अजून एक बसंल का?" शेवटी मी त्यांच्यासाठी नियमच केला, की एका आवेदनात दोन 'तत्काल', त्यावर एकही नाही.

भाषेच्या खड्ड्यांबद्दल मी फार तोऱ्यात असायची. मराठी आणि हिंदीत एकाच तोंडवळ्याचे शब्द आहेत आणि त्यांचे अर्थ भलतेच. एका गावात गारपीट झाली. तिथल्या शिकलेल्या सरपंचांनी स्वतःच लिहिलं, 'हमारी फसल पर बड़ी आपत्ति आई है.' मराठीत आपत्ती म्हणजे संकट, सरकारी हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत. कचेरीतून उत्तर आलं, आपत्तिकर्ता का नाम व पता प्रस्तुत करें. सरपंच ते पत्र घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, आता गारांचा पत्ता कुठून आणू?" आणखी एक गृहस्थ लिहून आले होते की बाबूनं माझी 'चेष्टा' केली. हिंदीत त्याचा अर्थ प्रयत्न. बाबूनं वाचलं आणि खूश झाला. असे किस्से मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत हसत ऐकवायची. अशी चूक माझ्या हातून होणार नाही, हे त्यात न बोलता सांगितलेलं असायचं.

आणि माझ्याच हातून झाली.

फोपनारच्या सुमनताई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या तेव्हा पिशवीतून केळ्याची एक फणी काढून त्यांनी टेबलावर ठेवली. पिवळीधमक, सालीला एक डाग नाही. म्हणाल्या, "आधी खा, मंग लिहा. आम्ही काय करतो ते तुम्हाले समजंल."

आमच्याकडची केळी बाहेरच्या माणसाला पिवळी दिसत नाहीत. घड हिरवा असतानाच उतरवतात. तो हिरवाच ट्रकमध्ये चढतो आणि दूरच्या शहरातल्या थंड खोलीत पिवळा होतो. शेतकऱ्याला भाव मिळतो हिरव्याचा. त्यातही ट्रकवाले वाकडी फणी, आखूड केळ, जरासा डाग असं काय काय काढून टाकतात. तो माल बांधावर पडतो आणि ढोरांपुढे जातो. सुमनताईंनी गावातल्या दहा बायका गोळा केल्या, समूह केला आणि एक जुनी खोली नीट करून घेतली. भिंतींना आतून थर्माकोल लावला, गारव्याचं यंत्र बसवलं आणि स्वतःच्या शेतातला नाकारलेला माल त्या खोलीत पिकवायला सुरुवात केली. श्रावणात, नवरात्रात, रमजानमध्ये शहरात पिवळ्या केळ्याला मागणी असते. एरवी खोली बंदच असायची. सुमनताईंच्या हातात त्या खोलीची किल्ली नेहमी असायची, मंगळसूत्राच्या शेजारी काळ्या दोऱ्यात ओवलेली.

त्या दिवशी त्यांना हवी होती शहरातल्या हाटात बसायला जागा. व्यापारी म्हणायचे, या बाया आमच्यासारख्याच विकणाऱ्या, यांना शेतकऱ्यांच्या ओळीत जागा कशाला? म्हणून सुमनताई म्हणाल्या, "असं लिहा की आम्ही शेतकरी आहो. वावरात राबतो. आम्ही बारा महिने केळी पिकवतो."

मंगळवार होता. शेडबाहेर रांग होती, गोविंदकाका छत्रीचं टोक जमिनीवर आपटत होते. मी टाइप केलं, 'हम बारह महीने केला पकाते हैं.' अकरा बायकांनी सह्या केल्या, त्यातल्या दोघींनी अंगठे लावले. मी नेहमीसारखं म्हटलं, "शिक्का घ्यायला विसरू नका."

मराठीत पिकवणं म्हणजे शेतात पीक काढणं, आणि फळ पिवळं करणं म्हणजेही पिकवणंच. हिंदीत मात्र 'उगाना' वेगळं आणि 'पकाना' वेगळं. माझं हिंदी चांगलं आहे, शाळेत पहिला नंबर होता. पण दोन भाषा एकाच तोंडात इतकी वर्षं राहिल्या की एकीचा शब्द दुसरीच्या ताटात कधी पडतो ते कळत नाही. आपण शेतकरी आहोत हे सांगायला त्यांनी जे वाक्य दिलं, तेच मी असं लिहिलं की त्या कारखानदार ठरल्या.

तीन महिन्यांनी सुमनताई आल्या तेव्हा पिशवीत फणी नव्हती, कर कार्यालयाची नोटीस होती. हाटाच्या जागेचं आवेदन कचेरीनं तपासणीला त्यांच्याकडे धाडलं होतं. नियम असा होता की शेतमाल शेतातून निघाला तसा विकला तर कर नाही, त्यावर 'प्रसंस्करण', म्हणजे प्रक्रिया, करून विकला तर आहे. फळ पिकवण्याबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. सणाला चार घड पिकवणाऱ्यांकडे कुणी बघत नव्हतं. पण वर्षभर पकवणारा माणूस शेतकरी नव्हे, असं त्या कार्यालयाचं म्हणणं. कर भरा, मागचाही भरा, तोवर खोली चालू ठेवू नका.

"भरलं तं खोली बंद, नाही भरलं तरी खोली बंद," सुमनताई म्हणाल्या. "आणि शैलाबाई, आमच्यावर बसला म्हंजे उद्या प्रत्येक गावातल्या समूहावर बसंल. नाचनखेड्याच्या बाया तं खोली बांधूच राह्यल्या."

ही गोष्ट लगेच केळी उत्पादकांच्या समितीनं उचलली. समितीचे देविदासभाऊ म्हणजे चार एकरांचा शेतकरी आणि चाळीस एकरांचा आवाज. त्यांनी माझ्यासमोर खुर्ची ओढली. "बाई, आता मोठं ज्ञापन बनवा. पूरा नियमच बदलवायचा. पिकवणं म्हंजे शेतीचंच काम, असं नियमात लिहून पायजे. भोपाळपर्यंत जाऊ."

मी नोटीस पुढ्यात घेतली. नोटिशीतलं वाक्य पाहून उत्तर द्यायचं ही माझी पद्धत. त्यात अवतरणात लिहिलं होतं, आपके समूह द्वारा स्वयं स्वीकार किया गया है कि 'हम बारह महीने केला पकाते हैं'.

माझं वाक्य मी लगेच ओळखलं. 'बारह'नंतर माझ्या हातून नेहमी दोनदा स्पेस पडते, तीसुद्धा त्यांनी तशीच उतरवली होती. देविदासभाऊ बोलत होते, त्यातलं मला काही ऐकू येईना.

तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. स्वतःला समजावलं, आधी ज्ञापन तर जाऊ दे, चळवळ उभी राहते आहे, अशा वेळी फाटे कशाला. खरं कारण एवढंच की लाज वाटली. दुसऱ्यांच्या 'आपत्ती'वर इतकी वर्षं हसलेल्या बाईला स्वतःचं 'पकाते हैं' दाखवायचं नव्हतं.

पुढचे सहा आठवडे माझ्या कामाच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट. देविदासभाऊंना चळवळीला शत्रू हवा होता आणि तो आयताच सापडला. नोटिशीवर सही होती त्या कार्यालयात नव्यानं आलेल्या एका निरीक्षक मॅडमची. वय तिशीच्या आत, बाहेरच्या जिल्ह्यातली, गावात ओळखदेख नाही. देविदासभाऊंनी सभेत सांगितलं की मॅडमनं बायांचं म्हणणं फिरवून लिहिलं. लोक चिडले. पत्रक काढायचं ठरलं, आणि ते टाइप कुणी केलं? मी. 'शब्दों को तोड़ने-मरोड़ने वाले अधिकारियों का विरोध.' माझ्याच शेडमध्ये, माझ्याच संगणकावर. त्यावरही सही माझी नव्हती.

श्रावण आला. शहरात उपासाच्या केळ्यांच्या गाड्या लागल्या. फोपनारची खोली बंद होती. माल बांधावर पडला तो ढोरांनी खाल्ला. समूहातली कमलबाई, जिनं खोलीच्या भिंतीला स्वतःच्या हातानं चुन्याचे हात दिले होते, ती म्हणाली की मी किती दिवस बंद कुलपाकडं पाहू. ती दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जायला लागली. सुमनताईंनी हे मला रागानं नाही, सहज सांगितलं. मी मान खाली घालून कागद चाळत राहिले.

मग एका दुपारी त्या निरीक्षक मॅडम माझ्या शेडमध्ये आल्या. शेजारच्या दुकानात झेरॉक्सचं मशीन बंद होतं म्हणून माझ्याकडे. मी त्यांना ओळखलं, त्यांनी मला नाही. तीन-चार कागदांच्या प्रती काढून दिल्या. सगळ्यात वर आमचंच पत्रक होतं, वरिष्ठांना द्यायच्या खुलाशाला जोडण्यासाठी. त्या कागद घडी करत म्हणाल्या, "आंटी, आप तो यहीं बैठती हैं ना, आप ही बताइए. मैंने तो वही लिखा जो उनके काग़ज़ में था. एक अक्षर भी नहीं बदला. फिर मैं झूठी कैसे हुई?"

मी म्हटलं, "बैठो बेटा." चहा मागवला. तो यायच्या आत सगळं सांगून टाकलं. मराठीतलं पिकवणं, हिंदीतलं पकाना, रांग, मंगळवार, सगळं. तिनं घडी केलेलं पत्रक पुन्हा उघडून वाचलं. मग म्हणाली, "तो ये बात आपने डेढ़ महीने तक किसी को नहीं बताई?" मी म्हटलं, नाही. तिनं चहा घेतला नाही. मला राग आला नाही तिचा. मी तिच्या जागी असते तर कप फेकला असता.

संध्याकाळी देविदासभाऊंकडे गेले. त्यांना सांगितलं की येत्या मंगळवारी मी जनसुनवाईत हे बोलणार. ते उठून उभेच राहिले.

"बाई, तुम्ही येड्या झाल्या का? सगळं आंदोलन बसंल! आपण म्हणू राह्यलो मॅडमनं शब्द फिरवला, आणि तुम्ही म्हणता आपणच फिरवला?"

"आपण नाही. मी."

"पन लोक काय म्हंतीन?"

"म्हणतील शैलाबाईला हिंदी येत नाही. म्हणू द्या."

ते नाही-नाही म्हणत राहिले. मला त्या वेळी एक गोष्ट पक्की दिसत होती. नोटीस माझ्या वाक्यावर उभी होती. वाक्य चूक आहे हे सिद्ध झालं की नोटीस पडणार. चळवळीचा आवाज कितीही मोठा असला तरी अवतरणातलं वाक्य त्यानं पुसलं जात नाही. हे मला माझ्या धंद्यातूनच ठाऊक होतं.

सुमनताईंना सांगणं त्याहून कठीण होतं. फोपनारला गेले. त्या खोलीच्या ओट्यावर बसल्या होत्या. ऐकून घेतलं. किल्लीचा दोरा बोटाला गुंडाळत, सोडत म्हणाल्या, "म्हंजे मी जे बोलली तेच तुम्ही लिहिलं. आणि ते लिहिलं तेच चूक झालं."

"हो."

"अजब आहे व माय." आणि मग, माझ्याकडे न बघता, "श्रावणाआधी सांगायचं होतं शैलाबाई. कमल गेली नसती."



मंगळवारी जनसुनवाईत आमची पाळी आली तेव्हा टेबलापलीकडे मोठे साहेब, बाजूला त्या कार्यालयाचे अधिकारी, आणि मागे निरीक्षक मॅडम उभी. अलीकडे मी, सुमनताई आणि तोंड पाडून देविदासभाऊ. मी जुनं आवेदन पुढे ठेवलं आणि सांगितलं की यात एक शब्द चुकलेला आहे.

साहेबांनी विचारलं, "ग़लती किसकी है?"

"मेरी, साहब. टाइप मैंने किया है."

"आप आवेदिका हैं?"

"नहीं. मैं लिखने वाली हूँ."

त्यांनी कागद उलटून-पालटून पाहिला. "ग्यारह दस्तख़त हैं. आपका नाम तो इसमें कहीं नहीं है." त्यात चिडचिड नव्हती. नियमात बसवायचं तर कसं, याचा खरा प्रश्न त्यांना पडला होता. माझं नाव कुठे, हा प्रश्न इतक्या वर्षांत मला कधी पडला नव्हता.

त्या कार्यालयाचे अधिकारी म्हणाले, "सर, शब्द कोई भी हो, कमरे में फल तो पकता है." खरं होतं. मी अडकले. उत्तर तयार करून आले होते ते फक्त शब्दाबद्दल.

तेव्हा सुमनताई पुढे झाल्या. पदर सावरला, किल्ली मुठीत धरली आणि त्यांच्या हिंदीत बोलायला लागल्या. "साहब, हमारे में एकच शब्द है. रोप लगाया, वो भी पिकवना. घड उतारके घर में रखा, वो भी पिकवना. आम घास में दबाके रखते, वो भी पिकवना. हमारी सास को तो मालूमच नहीं था कि ये दो काम है. एकच काम है साहब, चालू रहता है. बीच में हमने दुकान कब डाली?"

कुणी तरी मागे हसलं. साहेबही हसले. निरीक्षक मॅडमकडे मी चोरून पाहिलं. ती सुमनताईंकडे बघत होती आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला होता.

साहेबांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, लिहिणाऱ्या बाईंनी स्वतःच्या सहीनं बयान द्यावं, त्यावर कार्यालयानं नोटिशीचा फेरविचार करावा. दोन, "नियम में ये बात लिखी ही नहीं है, तो लिखवाइए. ये जो इन्होंने अभी बोला है ना, यही लिखकर भेजिए."

मी तिथेच, बाहेरच्या बाकावर बसून, बयान हातानं लिहिलं. खाली सही केली. कचेरीच्या कागदावर ती माझी पहिली सही. दोन आठवड्यांत नोटीस मागे घेतल्याचं पत्र आलं. देविदासभाऊंनी मॅडमची जाहीर माफी मागितली नाही, पण मी मागितली. ती एवढंच म्हणाली, "अगली बार पढ़कर सुना दिया कीजिए."

ते मी ऐकलं. पुढचं सव्वा वर्ष चाललेली मोहीम त्याच एका सवयीवर उभी राहिली. मागणी एकच, शेतकऱ्यानं किंवा शेतकऱ्यांच्या समूहानं स्वतःच्या शेतातलं फळ पिकवणं हा शेतीचाच भाग, त्यावर कर नको. देविदासभाऊंना व्यापाऱ्यांच्या खोल्या, चिप्स, वेफर सगळं घुसवायचं होतं. मी म्हटलं, एका कागदावर एकच. ते दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी सतरंज्या घेऊन हजर झाले. खरं सांगायचं तर त्यांच्याशिवाय गावं जमली नसती. दहा सभांत केलेलं भाषण अकराव्या वेळी त्याच जोमानं करणं सोपं नाही.

गावागावांतल्या ग्रामसभेत एक ठराव. शाळेच्या ओसरीवर, मारुतीच्या पारावर, एकदा तर केळीच्या बागेतच, पानांचा इतका फडफडाट की ओरडून वाचावं लागलं. पद्धत ठरलेली होती. आधी मराठीत वाचायचं, मग हिंदीत, मग विचारायचं, "तुमचं म्हणणं हेच का?" त्याशिवाय कुणाचीच सही नाही. वेळ लागायचा. बायका हिंदीतल्या शब्दावर अडायच्या, म्हणायच्या हे नको, ते लिहा. बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. जैनाबादला गोविंदकाकांनी ठराव ऐकला आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे. तत्काल कुठं आहे?" मी त्यांच्यासाठी दोन घातले.

भोपाळहून एकदा फाइल परत आली. वर शेरा होता, 'पकाने' से क्या आशय है? मला इतकं हसू आलं की शेजारचे वकील उठून बघायला आले. उत्तरादाखल आम्ही सुमनताईंचे जनसुनवाईतले शब्द जसेच्या तसे पाठवले, 'एकच' सकट. सुधारायचा मोह झाला होता. हात आवरला.

आणि ते आलं. नव्या स्पष्टीकरणात ओळ होती की कृषक अथवा कृषक समूह द्वारा स्वयं के खेत का फल पकाना कृषि कार्य माना जाएगा. 'पकाना'. ज्या शब्दानं कर बसवला त्याच शब्दानं उठवला. विकत घेतलेल्या फळाला सूट नाही, तेही बरोबरच. देविदासभाऊंनी ट्रॅक्टरवर ढोल लावला. नाचनखेड्याच्या बायांनी अर्धवट सोडलेली खोली पुरी केली. आज तापीकाठच्या गावांमधून अशा खोल्या आहेत, आणि मी जाते तेव्हा मला प्रत्येक ठिकाणी केळं खावं लागतं. साखरेचा त्रास आहे मला, पण नाही म्हणता येत नाही.

कमलबाई परत आली नाही. मी एकदा तिच्याकडे गेले होते. बोलली नीट, चहा केला, पण म्हणाली, आता सवय झाली मजुरीची, रोजचं रोज हातात पडतं. माझ्या सहा आठवड्यांच्या गप्प बसण्याची ती किंमत, आणि ती मी दिली नाही, तिनं दिली. बाकी सगळ्याचा मला अभिमान आहे.

गेल्या वर्षी टेबल आवरलं. शेवटच्या आठवड्यात सुमनताई आल्या. खोलीशेजारी पाण्याची टाकी हवी होती, साधं आवेदन. फणी टेबलावर ठेवून बसल्या. मी लिहिलं, मग आधी मराठीत आणि नंतर हिंदीत वाचून दाखवलं. 'हम केला उगाते हैं' या वाक्यावर त्यांनी हात वर केला.

"पकाते बी लिहा. आता भेव नाही." मी 'उगाते भी हैं, पकाते भी हैं' केलं. कागद छापून निघाला. अकराव्या जागी आता कमलबाईऐवजी तिची धाकटी जाऊ होती. सह्या झाल्या. मी कागद उचलायला हात पुढे केला, तर सुमनताईंनी त्यावर किल्ली ठेवली.

"थांबा. एक राह्यली."

"कुणाची?"

"तुमची. त्या साहेबांनं इचारलं होतं नं, तुमचं नाव कुठं आहे?"

मी म्हटलं, लिहिणाऱ्याची सही नसते. त्या म्हणाल्या, "आमच्या कागदावर असंल." मग मी पेन घेतलं आणि अकरा नावांच्या खाली, मराठीतच लिहिलं. लिहिणार : शैलजा महाजन.

सुमनताईंनी ते बोट ठेवून वाचलं, एकेक अक्षर. मग किल्ली उचलून गळ्यात घातली आणि म्हणाल्या, "आता जा, शिक्का घेऊन या. यावेळी तुम्ही जा."